बेट हातचं कसं घालवावं

परवा एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या काकांनी मठ्ठा भुरकत निकाल दिला, "बेटावरचं बंड मोडणं सगळ्यात सोपं. चारी बाजूंनी पाणी! नाकाबंदी करा, आठ दिवसांत शरण." जिलबी घशातच अडकली. तर अशा तमाम पंगतवीर सेनापतींसाठी पॅसिफिक महासागरातल्या पापुआ न्यू गिनी या देशाच्या सरकारने आपल्याच बूगनव्हिल बेटावर राबवलेली हमखास कृती देतो.

आधी डोंगर पोखरा. पांगुनाच्या खाणीतून 1972 पासून तांबं निघालं. पैसा परदेशी कंपनीला आणि राजधानीला, गाळ जाबा नदीला. तिथे जमीन बहुतेक ठिकाणी आईकडून लेकीकडे जाते. म्हणून बायकांना काही विचारायचं नाही.

1988 मध्ये खाणीतलाच माजी नोकर फ्रान्सिस ओना खाणीचीच स्फोटकं पळवून विजेचे मनोरे पाडू लागला, की बोलणी करत बसू नका. पोलीस धाडा, मग लष्कर. गावं जाळा. सकाळी ज्याचं घर जळतं तो बंडखोर असेलच असं नाही, संध्याकाळपर्यंत होतो.

मग काकांची लाडकी नाकाबंदी. 1990 मध्ये केली. आठ दिवस कसले, वर्षानुवर्षं चालली. डिझेल बंद केलं, लोकांनी खोबरेल तेलावर गाड्या चालवल्या. बंदुका नव्हत्या, तर दुसऱ्या महायुद्धातलं गंजकं लोखंड उकरून घडवल्या. खाणीच्या भंगारातून ओढ्यावर वीज केली. बंडखोरांचं फारसं अडलं नाही. अडलं कोणाचं? हिवतापाने फणफणलेल्या पोरांचं. अडलेल्या बाळंतिणींचं. औषधांची पेटी अडवून कोणता ओना शरण आला हो? ऑस्ट्रेलियाने हेलिकॉप्टरं दिली, गोळीबार करायचा नाही या अटीवर. त्यांच्यावर मशिनगन चढवल्या! आणि एवढं होऊनही बेट हाती आलं नाही ते नाहीच.

भाडोत्री सैनिक विसरू नका. 1997 मध्ये पंतप्रधान ज्युलियस चॅन यांनी 3 कोटी 60 लाख डॉलरांचा करार केला. त्यांचाच सेनापती उलटला आणि चॅन यांना पायउतार व्हावं लागलं.

शेवटी शांतता आली ती बोलण्यांतून, आणि त्यासाठी बेटावरच्या बायका वर्षानुवर्षं झटत होत्या. त्याच, ज्यांना खाण खणताना कोणी विचारलं नव्हतं. तोवर हजारो माणसं गेली होती. 2019 च्या सार्वमतात सुमारे 98 टक्के मतं स्वातंत्र्याला पडली. हे ठाऊक नसताना तोंड कशाला उघडता? आणि नाकाबंदीच हवी असेल तर निदान स्वच्छ सांगा, की आम्हाला तिथली पोरं औषधावाचून मारायची आहेत.