खुलासा: टेनर युकुलेलेला स्टीलच्या तारा नकोत

रत्नागिरी-मालवणकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: जुना टेनर युकुलेले (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य; टेनर हा त्याचा जरा मोठा प्रकार) स्वस्तात घ्या, गिटारच्या स्टीलच्या तारा चढवा, आवाज दणदणीत होतो. असलं काही करू नका. हे वाद्य सहसा नायलॉन किंवा फ्लुरोकार्बन तारांसाठी बांधलेलं असतं. स्टीलचा ताण बराच जास्त. नुसत्या सरसावर चिकटलेला ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची पुढची पट्टी, उखडू शकतो. आधीच आपल्याकडचा पावसाळा लाकूड फुगवतो, ते वेगळंच.

जुनं घेताना ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून पाहा. आत गेला, तर जोड सुटलाय. खाऱ्या हवेने फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) हिरवट थर आला असेल तर घाबरू नका, तो पुसला जातो. तारा ताणायच्या खुंट्या मात्र फिरवून बघाच.