‘नसलेलं काम गळ्यात मारलं’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टार आणि त्याखालचा मजकूर दोनदा वाचला. इंजिन तुम्ही घरीच खोललं, मेन बेअरिंगच्या कॅप (क्रँक, म्हणजे इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा, ब्लॉकला धरून ठेवणारी झाकणं) स्वतः काढल्या, आमच्याकडे ब्लॉक आणि क्रँक फक्त मापं घ्यायला दिले, आणि आम्ही लाईन बोरिंग (क्रँक बसतो ती सगळी भोकं मशीनवर पुन्हा एका रेषेत कापायचं काम) गळ्यात मारायला बघितलं, अशी तुमची तक्रार. शिवाय पाचवी कॅप अडकली म्हणून तुम्ही फोन केलात तेव्हा ‘हलवा, निघेल’ एवढंच उत्तर मिळालं.

फोनचं आधी बोलतो, कारण ती चूक माझी. फोन मीच उचलला होता, लेथ चालू होतं, घाईत बोलून मोकळा झालो. खरं सांगायला हवं होतं ते असं. ही कॅप गंजून अडकत नाही, क्रँक फिरताना ती बाजूला सरकू नये म्हणून ब्लॉकच्या खाचेत मुळातच घट्ट बसवलेली असते. बोल्ट सगळे सुटले तरी ती जागची हलत नाही. मागच्या कॅपला बऱ्याच इंजिनांत कडेने सीलंटही असतं, म्हणून ती सगळ्यात हट्टी. सोडवलेले दोन्ही बोल्ट भोकांत अर्धे राहू द्यायचे, ते मुठीत धरून कॅप पुढेमागे झुलवायची, मधून मधून नायलॉनच्या हातोडीने हलके ठोके द्यायचे. काही इंजिनांत कॅपला बाजूनेही बोल्ट असतात, ते राहिले असतील तर दिवसभर झुलवूनही उपयोग नाही. अर्धा तास गेला तरी चालेल, पण कॅप आणि ब्लॉकच्या सांध्यात पातं घालायचं नाही.

तुमच्या ब्लॉकमध्ये पातं घातलं गेलंय. पाचव्या सांध्यावर स्क्रूड्रायव्हरच्या दोन खुणा आहेत, नख फिरवलं की अडकतं. आम्ही लगेच बोरिंगचं नाव काढलं नाही. आधी ऑईल स्टोनने वर आलेला कंगोरा उतरवला, कॅप बसवून बोल्ट टॉर्कला (ठरलेल्या जोराने) कसले आणि भोकाचा आतला व्यास मोजणारा बोअर गेज लावला. भोकाचं उभं माप आडव्यापेक्षा ०.०४ मि.मी. जास्त आलं. ऐकायला हे काहीच नाही, पण मेन बेअरिंगमध्ये तेलासाठी सोडलेली जागाच साधारण ०.०२ ते ०.०६ मि.मी. असते. आणि मला जास्त खटकलं ते वेगळंच. जी कॅप बसवताना हातोडीचे चार ठोके लागायला हवेत, ती आता अंगठ्याने दाबली की आत जाते. खाचेची कड दबली आहे.

बाकी चार कॅप ठीक आहेत. त्या एकाच पिशवीत आल्या होत्या, पण नंबर आणि बाण शाबूत होते म्हणून निभावलं. कॅप ब्लॉकवर कसूनच सगळी भोकं एका रेषेत बोअर केलेली असतात, त्यामुळे दोन नंबरची चारवर चालत नाही.

हे सगळं तुम्हाला आकड्यांसकट दाखवायला हवं होतं. ‘लाईन बोरिंग करावं लागेल’ असा एका ओळीचा निरोप गेला, तो वाचून मलाही संशय आला असता.

कामाला आम्ही हात लावलेला नाही. ब्लॉक तेल लावून, गुंडाळून ठेवलाय, कॅप आपापल्या जागी आहेत. तुम्ही या, तुमच्यासमोर पुन्हा टॉर्क करून गेज लावतो, वाचन तुम्हीच घ्या. माप घेण्याचे पैसे आम्ही घेणार नाही. दुसरीकडे तपासून घ्यायचं असेल तर आमच्या वाचनाचा कागद देतो आणि ब्लॉक गाडीत चढवून देतो. फक्त मापं घेणाऱ्याला पाचवी कॅप आधी हाताने बसवून बघायला सांगा.