तारोफ आणि आपली 'मार्फत'

पुण्यात एम.ए. करत होते तेव्हा शेजारच्या फ्लॅटमध्ये एक इराणी मुलगी राहायची. एकदा तिच्या शालीचं मी मनापासून कौतुक केलं. तिने ती खांद्यावरून काढून माझ्या हातात ठेवली, म्हणाली, "पीशकश." मी घेतली. दोन दिवसांनी तिच्या मैत्रिणीकडून कळलं, मी 'नको' म्हणायला हवं होतं. तिने पुन्हा द्यायची, मी पुन्हा नको म्हणायचं. शाल आजीने विणलेली होती. परत द्यायला गेले तर घेईना.

याला इराणात तारोफ म्हणतात. त्यावरचे विनोदी व्हिडिओ हल्ली खूप फिरतात. टॅक्सीवाल्याला भाडं विचारलं तर 'काबेल नदारे' म्हणतो, म्हणजे तुमच्यापुढे त्याची काय किंमत. आणि मग पैसे घेतोच! म्हणून हे लोक खोटे, असा त्या व्हिडिओंचा सूर. मला हे ऐकवत नाही. दोघांनाही रीत ठाऊक असताना फसवलं कोणी कोणाला?

शब्दच बघा ना. अरबी 'तआरुफ' म्हणजे एकमेकांना ओळखणं. उर्दूत आजही त्याचा अर्थ परिचय असाच आहे. फारसीत मात्र तो आदबीकडे वळला, इतका की पाहुण्यापुढे फळं धरणं हेही 'तारोफ करणं'च. आणि याच धातूची भावंडं आपल्या घरात आहेत. मार्फत, म्हणजे मुळात ओळख. कुणाच्या तरी ओळखीने काम होतं ते त्याच्या मार्फत. ऊर्फ, म्हणजे लोक ज्या नावाने ओळखतात ते. तारीफसुद्धा त्यातलीच. हिंदीत 'आपकी तारीफ?' असं विचारतात तेव्हा स्तुती नको असते, ओळख हवी असते. पेशकश तर मराठ्यांच्या इतिहासात आपण नजराणा म्हणून वाचलेली. ती शेजारणीच्या तोंडून ऐकली, तरी मला ओळखू आली नाही.

परक्या माणसाची पंचाईत होते, हे खरंच. खरं आमंत्रण कुठलं ते कळत नाही. 'तारोफ करू नका' हेसुद्धा तारोफ असू शकतं! पण पंगतीत ताटावर आडवा हात धरणाऱ्याला जिलबी वाढणाऱ्या आपण लोकांनी तरी याला ढोंग म्हणू नये. आपल्या 'आग्रह'मध्ये धरून ठेवणं आहे, त्यांच्या शब्दात ओळखणं आहे.

शाल घेऊन मी तीनदा गेले. तिसऱ्यांदा तिने ती घेतली, दार पूर्ण उघडलं आणि म्हणाली, "बेफर्मायीद." फर्मावा. आत चहा तयार होता.