खालचे काका आणि रेकॉर्डची एक बाजू

सोसायटीच्या नियमाप्रमाणे दुपारी दोन ते चार शांतता. म्हणून पिंक फ्लॉइड या रॉक बँडची 'द डार्क साइड ऑफ द मून' ही रेकॉर्ड मी रविवारी सकाळी लावली, तीही बेताच्या आवाजात. तरी बेल वाजलीच. दारात खालच्या मजल्यावरचे काका, हातात पान्हा.

"तुमची मोटर कुठाय?"

1973ची ही रेकॉर्ड हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होते. ते ठोके स्लॅबमधून काकांच्या हॉलमध्ये उतरले होते. मोटर नाही म्हटल्यावर त्यांनी बाथरूम तपासलं, सिंकखाली डोकं घातलं आणि बाहेर येतात तोच घड्याळांचे गजर सुरू झाले. ॲलन पार्सन्स या साउंड इंजिनिअरने जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक घड्याळ वेगळं रेकॉर्ड करून मग ते सगळे गजर एकत्र जुळवले होते. काकांना काय त्याचं!

"अहो, गॅसवर काही विसरलात का?"

"गाणं आहे काका."

"मग गातंय कोण?"

आता बसा म्हणणं आलं, चहा आला आणि बाजू वाया गेली. एलपीची, म्हणजे मोठ्या तबकडीची, एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची, आणि त्या काळच्या मंडळींनी अल्बम बेतले ते त्याच मापाने. जेथ्रो टल या बँडच्या 1972च्या 'थिक ॲज अ ब्रिक'मध्ये तर एकच गाणं दोन्ही बाजू व्यापून बसलंय. एरवी दोन गाण्यांमध्ये जी चकचकीत पट्टी दिसते, जिथे सुई नेमकी टेकवता येते, ती तिथे नाहीच. मध्येच उचलली की पुन्हा पहिल्यापासून. मोबाइलवर ऐकणाऱ्यांनी हुरळून जाऊ नये. तिथे आधी शफल बंद करा, क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) शून्यावर आणा आणि 'डिलक्स' आवृत्ती टाळा. नाहीतर अल्बम संपला म्हणून डोळे मिटावेत, तर त्याच गाण्याचा कच्चा खर्डा पुन्हा सुरू.

त्यात काका टाचांवर चालतात. टर्नटेबल लाकडी कपाटावर असेल तर अशा चालीने सुई उडते. भिंतीत ठोकलेली फळी हा त्यावरचा खरा इलाज. सुईचा दाब कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) बनवणाऱ्याने सांगितलेलाच ठेवावा, बहुधा दीड ते दोन ग्रॅम. उडते म्हणून वजन वाढवत नेण्यात अर्थ नाही.

आणि सगळं नीट जमवलं तरी भूमिती आडवी येतेच. तबकडी मिनिटाला 33⅓ फेरेच घेते. पण काठावर सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर खाच सरकते आणि मध्याजवळ जेमतेम 20. आत जावं तसा आवाज दाटीवाटीने कोरलेला. सुई कलली असेल तर प्रत्येक 'स' फिस्कारतो. नेमकं 'स्टेअरवे टू हेवन' लेड झेपेलिन या बँडच्या चौथ्या अल्बमच्या पहिल्या बाजूला शेवटी! हळूहळू चढत जाणारं आठ मिनिटांचं गाणं, सगळ्यात मोठ्याने वाजतं तेव्हा जागा उरते सगळ्यात कमी. कार्ट्रिज कागदी प्रोट्रॅक्टरवर (कोन जुळवायच्या छापील मापावर) तासभर जुळवलं तर फरक पडतो. पण तो तास देणार कोण?

दरम्यान काकांच्या हाती रोलिंग स्टोन्सचं 'स्टिकी फिंगर्स' लागलं. त्या कव्हरवर जीन्सची खरीखुरी चेन आहे. 1971 साली गठ्ठ्यात दाबली जाऊन ती शेजारच्या रेकॉर्डवर ठसे उमटवायची. शेवटी चेन अर्धी उघडून पाठवायला लागले, म्हणजे ठसा मधल्या लेबलवर पडेल आणि गाणं वाचेल. काका ती चेन वरखाली, वरखाली करत बसले.

"रनर छान आहे. हल्ली असे मिळत नाहीत."

ते नगरचे. म्हणून म्हटलं, आपुलकीचं काही लावावं. द हू या बँडच्या 'हूज नेक्स्ट'मधलं पहिलंच गाणं, 'बाबा ओ'रायली'. यातले बाबा म्हणजे आपल्या नगरकडचे मेहेरबाबा. गाणं लिहिणारा पीट टाउनशेंड त्यांचा भक्त. ओ'रायली आला अमेरिकन संगीतकार टेरी रायलीवरून. सुरुवातीची ती गरगरती लय सिंथेसायझरची वाटते, पण तो लाउरी ऑर्गन आहे.

काकांनी पान्हा खाली ठेवला. "मेहेराबादचे? आरणगावचे?"

"तेच."

"आमची मावशी तिथलीच." मग ड्रम सुरू झाले. काकांनी कानांवर हात ठेवले. "अहो, त्या माणसाने 1925पासून जाईपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. चव्वेचाळीस वर्षं मौन! आणि त्यांच्या नावाने हे?"

याला उत्तर नव्हतं. अजून नाही.

"10 जुलैला भक्त मौन पाळतात तिकडे. तुम्ही रोज पाळलंत तरी हरकत नाही," असं म्हणून ते उठले. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मोठ्या आवाजातल्या संगीताबद्दल सूचना आली, नाव न घेता, पण मजल्यासकट. चौथ्या मजल्यावर मात्र गणपतीपासून टाइल्स कापणं चालू आहे. त्याबद्दल अवाक्षर नाही, कारण ते काम; आणि मी रिकामा बसलेलो.