देवाला माउली म्हणणे शास्त्राविरुद्ध आहे काय?

इंदूरमधल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांत सध्या एक संदेश मोबाइलवरून फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे, की पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, देव पुरुषच आहे, त्याच्याविषयी आईच्या भाषेत बोलणे ही पाश्चात्त्य स्त्रीवाद्यांनी अलीकडे काढलेली टूम आहे, प्रभू येशूने ‘पिता’ असेच शिकवले आहे, आणि म्हणून ‘माउली’ म्हणणारी गीते उपासनेतून काढून टाकावीत.

देव पुरुष आहे, हे शास्त्र कुठेही सांगत नाही. देव आत्मा आहे, असे योहान ४:२४ सांगते. होशेय ११:९ मध्ये परमेश्वर स्वतःच आपण मनुष्य नसल्याचे बजावतो. कॅथलिक मंडळीच्या (चर्चच्या) १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथातही, देव पुरुष नाही आणि स्त्रीही नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. मराठीत ‘देव बोलला’ असे म्हणावेच लागते, परंतु क्रियापदाचे लिंग हा देवाच्या स्वरूपाचा पुरावा होऊ शकत नाही.

‘अलीकडची टूम’ हा आरोप तर अगदीच निराधार आहे. यशया ४२:१४ मध्ये परमेश्वर प्रसूतिवेदनांनी कण्हणाऱ्या स्त्रीसारखा ओरडतो, आणि ६६:१३ मध्ये आई लेकराचे सांत्वन करते तसे मी तुमचे करीन, असे वचन देतो. इ.स. ११०९ मध्ये निवर्तलेले कँटरबरीचे आर्चबिशप अन्सेल्म यांनी आपल्या प्रार्थनेत येशूला आई म्हटले आहे. आपल्या मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांना (१८६१–१९१९) ख्रिस्ताला माउली म्हणण्यासाठी कोणा पाश्चात्त्याकडे जावे लागले नाही. तुकोबांच्या अभंगांवर पोसलेल्या भक्ताच्या ओठी तो शब्द आपसूकच आला.

तिसरा मुद्दा सर्वांत गंभीर आहे, कारण प्रभूने ‘आमच्या पित्या’ अशीच प्रार्थना शिकवली आणि ती बदलावी असे मला मुळीच वाटत नाही. शास्त्रात देवाला थेट ‘आई’ अशी हाक कुठे नाही, हेही मान्य करायला हवे. तिथे आहेत त्या उपमा. परंतु लूकच्या १५ व्या अध्यायात, पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी) कुरकुर करतात, तेव्हा त्या एकाच कुरकुरीला प्रभू लागोपाठ तीन दाखले उत्तरादाखल देतो : हरवलेले मेंढरू शोधणारा मेंढपाळ, दहांपैकी एक नाणे हरवले म्हणून दिवा लावून घर झाडणारी आणि ते सापडल्यावर शेजारणींना बोलावणारी स्त्री, आणि परतलेल्या मुलाकडे धावत जाणारा बाप. मेंढपाळात आणि बापात आपण देवाला पाहतो, मग मधल्या त्या बाईलाच कोणत्या नियमाने वगळायचे? मत्तय २३:३७ मध्ये तर यरुशलेमच्या लेकरांना पंखांखाली घेऊ पाहणाऱ्या कोंबडीची उपमा प्रभूने स्वतःला दिली आहे.

हा वाद केवळ पुस्तकी नाही. आमच्या घरगुती प्रार्थनासभेत एक वयस्क आजी नेहमी ‘प्रभू, माझे माउली’ अशी सुरुवात करीत असत. हा संदेश त्यांना कोणीतरी वाचून दाखवला, आणि त्यानंतरच्या सभेत त्या ‘प्रभू’ म्हणून अडखळल्या व पुढे काही न बोलता खाली बसल्या. आयुष्यभराची प्रार्थना एका अर्धवट वाचनापायी अशी तोडली जावी, याचे मला अतिशय दुःख होते.

गीते काढून टाकण्याची मागणी आता मंडळीच्या समितीपुढे येईल. ती मान्य करणाऱ्यांना यशयाचा ६६ वा अध्याय उपासनेत वाचायचा की नाही, याचेही उत्तर द्यावे लागेल.