ड्राऊ स्वतःला दुष्ट समजतात हे खरं नाही

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) हा फासे टाकत, कल्पित पात्रं होऊन खेळायचा खेळ खेळणाऱ्या कुठल्याही गटात ड्राऊंचा विषय निघाला की थोड्याफार फरकानं एकच विधान ऐकू येतं. "ड्राऊ जन्मतःच दुष्ट असतात. आपण दुष्ट आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, वर त्याचा अभिमानही असतो. नियमपुस्तकातच तसं लिहिलंय. ड्रिझ्ट हा कादंबऱ्यांतला नायक एकमेव अपवाद. चांगले ड्राऊ वगैरे सगळं कंपनीनं २०२० नंतर घुसडलं." ऑगस्ट २०२३ मध्ये 'बाल्डर्स गेट ३' हा याच विश्वातला व्हिडिओगेम आल्यापासून तर ज्यांनी कधी फासा हातात धरलेला नाही तेही हे ठामपणे सांगू लागले आहेत. या विधानातला जवळजवळ प्रत्येक तुकडा चुकीचा आहे. तो खरा धरला की या खेळातली सगळ्यात ताकदीनं रंगवलेली जमात वाया जाते, म्हणून सविस्तर उत्तर देतो आहे.

ज्यांना ड्राऊ माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. जमिनीखालच्या अंडरडार्क नावाच्या जगात राहणारे हे एल्फ, म्हणजे माणसासारखे, टोकदार कानांचे जीव. कातडी काळी, केस पांढरे. सत्ता बायकांच्या हाती, त्यातही लोल्थ या कोळीरूपी देवीच्या पुजारणींच्या. उमराव घराणी एकमेकांच्या मुळावर उठलेली, शहरं गुलामांच्या जिवावर चाललेली. या समाजात बळी दिले जातात, सख्खे भाऊ एकमेकांचा काटा काढतात, आणि त्यावर पांघरूण घालायचा माझा अजिबात हेतू नाही. ड्राऊंची कृत्यं दुष्ट आहेत का, याबद्दल वादच नाही. ही कृत्यं करताना ते स्वतःला कोण समजतात, हा प्रश्न आहे.

आधी नियमपुस्तक. १९८१ च्या 'फीन्ड फोलिओ' या नियमपुस्तकात ड्राऊंची अलाइनमेंट, म्हणजे नैतिक कल सांगणारा शिक्का, केऑटिक ईव्हल (बेबंद दुष्ट) आहे. २००० साली खेळाची तिसरी आवृत्ती आली आणि ती अलाइनमेंट न्यूट्रल ईव्हल (नुसती दुष्ट) झाली. निसर्गानंच ठरवून दिलेला स्वभाव आवृत्ती बदलल्यावर कसा बदलला, हे 'जन्मतःच दुष्ट' म्हणणाऱ्यांनी सांगावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिसऱ्या आवृत्तीत या अलाइनमेंटच्या आधी 'बहुधा' या अर्थाचा शब्द जोडलेला आहे, आणि त्याचा अर्थही दिलेला आहे: त्या जमातीतले निम्म्याहून अधिक जीव असे असतात. उपजत आणि जवळपास न बदलणाऱ्या अलाइनमेंटसाठी 'नेहमी' असा वेगळा शब्द होता. तो डीमनांना, डेव्हिलांना, म्हणजे पाताळातल्या सैतानी जीवांना, लावलेला आहे. दोन्ही शब्द हाताशी असताना लेखकांनी ड्राऊंसाठी 'बहुधा' निवडला. २०१४ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'ची प्रस्तावना तर सरळ सांगते की छापलेली अलाइनमेंट सुरुवातीला धरायची, डीएमनं (खेळ चालवणाऱ्यानं) ती हवी तशी बदलावी. पुस्तकाचा हवाला देणाऱ्यांनी निदान ही पानं उघडायला हवी होती.

'नेहमी'चा तो शिक्का आणखी कुणावर बसला ते आपल्याला माहीत असावं. १९७७ च्या पहिल्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'पासून या खेळात राक्षस आहेत, लॉफुल ईव्हल (शिस्तबद्ध दुष्ट) म्हणून, आणि तिसऱ्या आवृत्तीत त्यांच्यापुढे 'नेहमी' आहे. हिडिंबा, घटोत्कच आणि बिभीषण यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हा शिक्का किती अपुरा आहे ते समजावून सांगावं लागत नाही. तोच माणूस ड्राऊंबद्दल मात्र शिक्का मारून मोकळा होतो, याचं मला वाईट वाटतं.

आता मुख्य मुद्द्याकडे. आपण दुष्ट आहोत हे ड्राऊंना ठाऊक असतं, म्हणे. कुठून? ड्राऊंच्या शहराचं सगळ्यात तपशीलवार चित्र आर. ए. साल्व्हाटोर यांच्या १९९० च्या 'होमलँड' या कादंबरीत आहे, आणि ते चित्र नेमकं उलट सांगतं. मेन्झोबेरांझन या ड्राऊ शहरातल्या उमराव घरच्या मुलाला अकादमीत लढाईच्या आधी इतिहास शिकवला जातो. त्या इतिहासात पृष्ठभागावरचे एल्फ हे नीच, कपटी, रक्तपिपासू. त्यांनी आपल्याला उजेडातून हाकललं, आपलं जग हिरावलं. वर्गातली मुलं ते ऐकून द्वेषानं पेटून उठतात. ज्याला आपल्या दुष्टपणाचा अभिमान आहे त्याला शत्रूला दुष्ट ठरवायची गरज का पडावी? शत्रू दुष्ट लागतो तो आपण न्यायाच्या बाजूला आहोत असं मानणाऱ्याला. पुढे ड्रिझ्ट पहिल्यांदा जमिनीवर छाप्याला जातो तेव्हा त्याला रानातल्या मोकळ्या जागेत नाचणारे, गाणारे एल्फ दिसतात. त्याला तिथे धक्का बसतो तो याच शिकवणीमुळे. त्याला राक्षस भेटतील असं सांगितलं होतं, आणि समोर नाचणारी माणसं होती. तो एका लहान मुलीला तिच्या मेलेल्या आईखाली लपवून वाचवतो. बाकीची तुकडी मोहीम फत्ते झाल्याच्या आनंदात घरी परतते, वैऱ्याचा सूड घेतल्याच्या समाधानात. तो आनंद खोट्या इतिहासावर उभा आहे, पण तुकडीतल्यांना तो खोटा आहे हे कुठे माहीत आहे?

मेन्झोबेरांझनचा कायदाही बघण्यासारखा आहे. एका घराण्यानं दुसऱ्यावर हल्ला करून त्याचा निर्वंश केला तर कुणी काही बोलत नाही. पण हल्ला झालेल्या घराण्यातला एक जरी उमराव वाचला आणि त्यानं आरोप केला, तर हल्ला करणाऱ्या घराण्याचाच नाश केला जातो. ड्रिझ्टच्या जन्माच्या रात्री त्याचं डोउर्डन घराणं डेव्हिर घराण्यावर तुटून पडतं ते याच हिशेबानं, साक्षीदार शिल्लक ठेवायचा नाही या इराद्यानं. यातून लोक निष्कर्ष काढतात की बघा, खुनाचंही यांना काही वाटत नाही. मला यात दुसरंच दिसतं. या समाजाला न्यायाचं रूप हवं आहे. आरोप, साक्ष, सत्ताधारी घराण्यांचं मंडळ, शिक्षा, सगळा सरंजाम आहे. आतून पोकळ असला तरी तो मोडायची कुणाची छाती नाही, कारण त्याच्या जोरावरच ते स्वतःला खालच्या बोळांतल्या गॉब्लिनांपेक्षा आणि गुलामांपेक्षा श्रेष्ठ, सुसंस्कृत लोक म्हणवतात. आम्ही दुष्ट आहोत असं मानणाऱ्या शहराला एवढी लपवाछपवी करावी लागली नसती.

आणि ती दहशत! लढवय्या होणाऱ्या मुलानं अकादमीत दहा वर्षं काढायची. पुजारणींच्या हातात सापांच्या तोंडांचे चाबूक. लोल्थच्या परीक्षेत नापास झालेल्या ड्राऊचं ड्रायडर होतं, कमरेखाली कोळी आणि वर एल्फ, आणि मग आपलेच लोक त्याला हाकलून देतात. कोळी मारला तर मृत्युदंड. ज्यांचा स्वभावच दुष्ट आहे त्यांना दुष्ट ठेवायला एवढी यंत्रणा कशाला लागेल? पाण्याला उताराकडे ढकलावं लागत नाही. लोल्थची सगळी यंत्रणा हीच साक्ष देते की जन्मणारं मूल तिला हवं तसं जन्मत नाही, त्याला तसं घडवावं लागतं, आणि घडवूनही ते कधी निसटेल याचा तिला भरवसा नाही. 'जन्मतःच' या शब्दाविरुद्ध याहून मोठा पुरावा मी तरी शोधणार नाही.

ड्राऊंच्या मनातली ही अन्यायाची गोष्ट पूर्ण बनावट नाही, आणि तीच तिची ताकद आहे. फरगॉटन रेल्म्स या कल्पित जगात हे सगळं घडतं, आणि त्याच्या इतिहासात क्राउन वॉर्स नावाची एल्फांची आपापसातली युद्धं आहेत. मियेरिटार हे काळ्या आणि रानातल्या एल्फांचं राज्य त्यात जादूच्या वादळानं उद्ध्वस्त झालं, आणि बोट दाखवलं जातं ते आर्वांडारच्या सूर्य-एल्फांकडे. त्याचा सूड म्हणून दक्षिणेतल्या इलिथीर या काळ्या एल्फांच्या राज्यानं भयंकर अत्याचार केले. शेवटी शाप पडला, काळे एल्फ ड्राऊ झाले आणि जमिनीखाली लोटले गेले. पण शाप अपराध्यांपुरता नव्हता. मियेरिटारचे वाचलेले लोक, ज्यांनी काही केलं नव्हतं, तेही त्यात सापडले. लोल्थच्या पुजारणी या इतिहासातला पहिला आणि शेवटचा भाग सांगतात आणि मधला इलिथीरचा भाग गाळतात. त्यामुळे ड्राऊंच्या डोक्यात तयार होतं ते असं: आम्हाला लुटलं, आमच्यावर शाप टाकला, सगळ्या देवांनी पाठ फिरवली, आणि एकटी लोल्थ आमच्याबरोबर खाली आली. अशा माणसाच्या मनात 'मी दुष्ट आहे' हा विचार शिरायला फटच राहत नाही. (काळी कातडी ही शापाची खूण असणं हे या कथेचं वेगळं आणि गंभीर दुखणं आहे. गोऱ्या रंगाचं वेड असलेल्या आपल्या घरांमध्ये ते लगेच कळायला हवं.)

यावर एक हुशार प्रत्युत्तर येतं, आणि त्याचा विचार करायला हवा. डी अँड डीच्या विश्वात चांगलं-वाईट हे मताचे प्रश्न नाहीत, ते जादूनं ओळखता येतं, अबिस नावाचा खराखुरा पाताळलोक आहे आणि लोल्थ तिथे राहते. मग ड्राऊंना आपली बाजू कळत नाही असं कसं म्हणता? पहिली गोष्ट, २०१४ च्या नियमांत 'डिटेक्ट ईव्हल अँड गुड' हा मंत्र अलाइनमेंट दाखवतच नाही. तो सैतानी, स्वर्गीय, भुताटकी अशा खास प्रकारचे जीव, म्हणजे फीन्ड, सेलेस्टियल, अनडेड, फे, एलेमेंटल, अ‍ॅबरेशन जवळ आहेत का हे सांगतो. समोर उभी असलेली ड्राऊ पुजारीण त्याला दिसत नाही. तिसऱ्या आवृत्तीत ईव्हलची आभा खरोखर दिसते, हे मान्य. पण तिथेही प्रश्न सुटत नाही. ज्या पुजारणीला लहानपणापासून सांगितलंय की 'चांगलं' हे नाव तिच्या लोकांना शाप देणाऱ्या कोरेलॉन या एल्फांच्या मुख्य देवानं आणि त्याच्या देवमंडळानं स्वतःला लावून घेतलेलं आहे, तिला तुमच्या मंत्रानं ईव्हल दाखवलं तर तिला त्यात शत्रूचं मत दिसेल. तिचं स्वतःबद्दलचं मत त्यानं का बदलावं? 'बाल्डर्स गेट ३'मधली मिंथारा बघा. मेन्झोबेरांझनच्या बेनरे घराण्याची ही ड्राऊ पॅलाडिन, म्हणजे शपथेनं बांधलेली योद्धा, आहे, सूडाची शपथ घेतलेली. तिच्या बोलण्यात कुठे 'मी वाईट आहे, मला त्यात मजा येते' असं ऐकू येतं? तिच्या आवाजात खात्री आहे, शिस्त आहे, आपल्यावर झालेल्या अन्यायाचा हिशेब आहे. म्हणूनच तिची भीती वाटते.

ड्रिझ्ट एकमेव अपवाद, हे विधान तर 'होमलँड' न वाचताच केलेलं आहे. त्याच पुस्तकात त्याचा बाप झॅकनाफेन आहे. डोउर्डन घराण्याचा हा शस्त्रगुरू आपल्या समाजाचा मनापासून तिटकारा करतो, पोराच्या मनातला चांगुलपणा मारला जाईल या भीतीनं झुरतो आणि शेवटी लोल्थच्या वेदीवर त्याच्याऐवजी स्वतः बळी जातो. अपवादाचा बापही अपवाद असतो, हे लोकांच्या लक्षात का राहत नाही? १९९१ मध्ये एड ग्रीनवुड यांनी ड्राऊंवर लिहिलेल्या पुस्तकात एलिस्ट्री आली: चंद्रप्रकाशात नाचणाऱ्या, जमिनीवर परतू पाहणाऱ्या ड्राऊंची देवी. एकट्या ड्रिझ्टसाठी कुणी देवी आणि तिचा पंथ उभारत नाही. १९९५ मध्ये इलेन कनिंगहॅम यांच्या कादंबरीची ड्राऊ नायिका लिरियेल बेनरे आली. आणि सगळ्यांच्या आधी, १९७८ मध्ये, या खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांनी ड्राऊंचं एरेल्हाय-सिनलू हे पहिलं शहर लिहिलं, तेव्हाच त्याच्या गल्ल्यांमध्ये या समाजाला विटलेल्या तरुणांच्या टोळ्या होत्या.

त्यामुळे २०२० चा आरोप आपोआप गळून पडतो. त्या वर्षीच्या जूनमध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या खेळाच्या प्रकाशक कंपनीनं जाहीर केलं की ऑर्क (खेळातली आणखी एक 'दुष्ट' जमात) आणि ड्राऊ यांना इतर लोकांइतकंच गुंतागुंतीचं रंगवलं जाईल. हे जाहीर केलं ते २०२० ला, पण यातला मूळ धागा १९७८ पासून तिथे होता. कंपनीवर माझा राग आहे तो वेगळ्याच कारणासाठी. २०२१ मध्ये साल्व्हाटोर यांच्या नव्या कादंबरीतून दूर उत्तरेच्या बर्फात राहणारे आणि दक्षिणेच्या जंगलात राहणारे असे लोल्थला न मानणारे ड्राऊ आणले गेले. यानं काय झालं? चांगले ड्राऊ एका पत्त्यावर, वाईट दुसऱ्या. मेन्झोबेरांझनमध्ये जन्मलेल्या मुलीचं काय, हा अवघड प्रश्न तसाच राहिला. तो प्रश्न झॅकनाफेननं १९९० मध्ये जास्त प्रामाणिकपणे विचारला होता.

शेवटचा आक्षेप असा की ड्राऊ स्वतःला बरोबर समजत असतील तर त्यांच्याशी लढण्यात अर्थ उरत नाही. का नाही? गुलामांच्या बेड्या तोडायला गुलामांच्या मालकानं स्वतःला दुष्ट म्हणण्याची वाट कोण बघतं? पुढच्या कॅम्पेनमध्ये एवढं करून बघा. पकडलेल्या पुजारणीला खदाखदा हसवू नका. तिला मियेरिटारचं नाव घेऊ द्या, तिच्या पूर्वजांवर पडलेला शाप सांगू द्या, तुमच्या गटातल्या एल्फाला विचारू द्या की तुझे पूर्वज त्या दिवशी कुठे होते. तो प्रश्न खरा आहे. तिच्या तळघरातले गुलामही खरे आहेत. त्या दोन्हींमध्ये उभं राहून काय करायचं ते मग खेळाडूंना ठरवावं लागेल, आणि कॅरेक्टर शीटवर छापलेले दोन शब्द त्यांच्या मदतीला येणार नाहीत.