शिऱ्याची बाग

कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या जुन्या कचरा डेपोचा विषय निघाला की आमच्या कट्ट्यावर दोन पार्ट्या पडतात. एकीकडं शिऱ्या, दुसरीकडं उरलेले सगळे. तरी आवाज शिऱ्याचाच मोठा, कारण प्लॉटच्या धंद्यात तेवढंच भांडवल लागतं. गॉगल डोक्यावर, मोबाईल स्पीकरवर आणि गाडीची किल्ली सतत बोटाभोवती फिरती. गाडी हप्त्यावर आहे, हे गंगावेशीतल्या म्हशींनाही ठाऊक आहे.

"ढीग उचलला न्हवं? मग आता कशाला रडायलाय? बाग करा, जॉगिंग ट्रॅक करा, सेल्फी पॉइंट करा. नदीचा व्ह्यू हाय भावा, व्ह्यू!"

"आणि शेजारी तुझं प्लॉट," पम्या म्हणाला.

"शेजारी न्हाईत. जरा अलीकडं हाईत."

नाना चहा फुंकत बसले होते. पाणी तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करून रिटायर झालेला माणूस. घरी आमटी वाढली तरी आधी वास घेतात, अशी काकूंची तक्रार आहे. ते फार बोलत नाहीत, पण बोलायला लागले की शिऱ्याची किल्ली फिरायची थांबते.

"शिरपती, वरचा डोंगर गेला ते बरं झालं. खाली जे मुरलंय ते कुणी उचललं?"

"खाली काय असणार? माती."

"चाळण लावली, प्लास्टिक, चिंध्या सिमेंटच्या भट्टीला गेल्या, माती निराळी काढली. चांगलं काम हाय, नावं ठेवत न्हाई मी. पण इतकी वर्षं पावसाचं पाणी त्या ढिगातनं पाझरत खाली गेलं. त्यात बॅटरीचं शिसं आलं, नासक्याचा अमोनिया आला, रंग, औषधं, सगळं आलं. ते काय चाळणीत सापडायचं व्हय?"

शिऱ्या म्हणाला, खाली प्लास्टिकचा कागद घालतात, त्यानं वाचलंय. हे एक बरं असतं त्याचं, अर्धं वाचलेलं असतं.

"घालतात की. दीड मिलीमीटर जाडीचा कागद आणि त्याच्याखाली नव्वद सेंटिमीटर चिकणमाती. हा नियम आला 2000 साली. आपला डेपो त्याच्या आधीचा. तवा डेपो म्हंजे काय, तर नदीकडंची पड जागा, जी कुणालाच नको होती ती. 2016 च्या नियमात नदीपासनं शंभर मीटर लांब म्हणून लिहिलंय. आता नदी सरकवायची का डेपो?"

"नदी सरकवायचं टेंडर निघालं तर शिऱ्या पयला," बाळ्या म्हणाला.

बाळ्याची शेती डेपोच्या खालच्या अंगाला. त्याचे वडील पूर्वी ह्याच डेपोवरनं बैलगाडीनं खत आणायचे. तेव्हाचा कचरा म्हणजे राख, शेण, भाजीचा पाला. ऊस मनगटाएवढा यायचा म्हणतात. पुढं पुढं पाटीतनं काचा निघायला लागल्या, मग सुया, आणि एकदा लावणीत म्हाताऱ्याचा पाय कापला तेव्हा गाडी बंद झाली. बाळ्या ही गोष्ट सांगायला लागला की थांबत नाही. आम्ही ती पाठ केली आहे, पण नवा माणूस आला तर ऐकून घेतो.

त्या दिवशी मात्र त्यानं गोष्ट सांगितली नाही. डिकीतनं पाण्याची बाटली काढून कट्ट्यावर ठेवली. सकाळी विहिरीतनं भरली तेव्हा निवळशंख होती म्हणे. आता पाणी पिवळट झालं होतं, तळाला तांबडा गाळ बसला होता आणि वरच्या कडेला साय धरल्यासारखा पातळ पापुद्रा आला होता. पम्यानं हलवली तर गाळ उठला आणि सगळी बाटली गंजाच्या रंगाची झाली.

"लोखंड," नाना म्हणाले. बाटली उजेडाकडं धरून बराच वेळ फिरवली. "कुजणारा माल जमिनीतला सगळा ऑक्सिजन खातो. मग मातीतलं, दगडातलं लोखंड पाण्यात विरघळतं. तवा दिसत न्हाई. पाणी वर आलं, हवा लागली की असं तांबडं होऊन बसतं."

"बघा! मग डेपोचंच!" बाळ्या उठलाच.

"बस खाली. लोखंड दुसऱ्या कारणानंबी येतं. एका बाटलीवर निकाल लागत न्हाई."

"हेच तर मी म्हणालोय!" शिऱ्याला एकदम नाना आवडायला लागले. "उगं बदनामी करायची जमिनीची!"

"मग तपासूया की. डेपोच्या वरच्या अंगाची एक विहीर, खालच्या अंगाच्या दोन. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. क्लोराईड, अमोनिया, नायट्रेट, शिसं. वर कमी आणि खाली जास्त आलं तर मग तूच सांग कुठनं आलं. आणि ऐक, बंद केलेल्या डेपोवर पंधरा वर्षं लक्ष ठेवायचं असं नियमातच हाय. वायू बघायचा, पाझर बघायचा, मगच तिथं माणसं आणायची का न्हाई ते ठरवायचं. तू तर उद्याच पोरांना घसरगुंडीवर बसवालायस."

पंधरा वर्षं ऐकून शिऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं. तोपर्यंत त्याचा गाडीचा हप्तासुद्धा फिटेल.

मग त्यानं हुकमी पत्ता काढला. पंचगंगा काय डेपोनं घाण झाली का? जयंती नाला बघा, दुधाळी नाला बघा, कारखाने बघा. 2012 ला इचलकरंजीत कावीळ झाली ती काय डेपोनं? नाना म्हणाले, कावीळ सांडपाण्याची, ते खरं. पण नाला डोळ्याला दिसतो, त्याला अडवता येतं, पंप लावून बावड्याच्या सांडपाणी केंद्रात नेता येतं. जमिनीखालनं सरकणाऱ्या पाण्याला कुठला बंधारा घालणार? आपला काळा कातळ वरनं अखंड दिसतो, आत सगळ्या भेगा. कुठल्या भेगेतनं कुणाच्या बोअरला जाईल सांगता येत नाही. आणि पुरात तर नदीच चालत डेपोवर येते. 2019 ला, 2021 ला कुठंपर्यंत पाणी होतं ते आठवतंय ना?

पुराचं नाव काढलं आणि चर्चा घसरली. 2019 च्या पुरात शिऱ्यानं बाळ्याचा जनरेटर नेला होता, तो अजून परत आलेला नाही. शिऱ्याचं म्हणणं, तो बिघडलेलाच होता. बाळ्याचं म्हणणं, बिघडलेला होता तर मग त्यावर तुझ्या मेव्हण्याच्या वरातीतला डीजे कसा वाजला? दहा मिनिटं पंचगंगा बाजूला राहिली. साक्षीदार म्हणून पम्याला विचारलं, तर तो म्हणाला मी वरातीत नाचत होतो, जनरेटरकडं कोण बघतंय.

शेवटी शिऱ्या वैतागून म्हणाला, "अरे पण आपल्याला काय पडलंय? आता थेट पाईपलाईननं काळम्मावाडी धरणाचं पाणी आलंय. पंचगंगेचं पितंय कोण?"

"खालची गावं पित्यात," बाळ्या म्हणाला. आवाज अजिबात चढवला नाही. "आणि तू रोज सकाळी दूध कट्ट्यावर म्हशीच्या ताज्या धारेचा ग्लास धरून उभा ऱ्हातोस, फेस मिशीला लावून. ती म्हस काय बिसलेरी पिती? माझ्याच विहिरीवर पाणी पिती ती."

शिऱ्यानं आधी बाटलीकडं बघितलं, मग बाळ्याकडं.

"कुठली म्हस? ती शिंग मोडलेली?"

"तीच."

"आणि तू मला आज सांगालायस?"

"तुला ते दूध कसदार लागतं म्हणून तूच सांगत हिंडतोस. म्हटलं, लोखंड मिळतंय तर मिळू दे."

पम्या हसून हसून कट्ट्यावरनं खाली घसरला. नानांनी सुद्धा चहाचा कप बाजूला ठेवला. दुधात लगेच काही येत नाही, हे ते सांगायच्या बेतात होते, मी त्यांना खुणेनं थांबवलं. एवढं सुख रोज मिळत नाही.

नमुने घ्यायचं मात्र खरंच ठरलं. लॅबची फी वर्गणी काढून भरायची. शिऱ्यानं नाक मुरडत पाचशे काढले आणि म्हणाला, मग माझ्या प्लॉटवरच्या बोअरचं पण पाणी आणतो, होऊन जाऊ दे. घरात रिकाम्या बाटल्या पडल्याच आहेत.

"तुझ्या घरच्या बाटल्या नकोत," नाना म्हणाले. "सीओडी, म्हंजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, बघून लॅबवाले दारूच्या एक्साईजला फोन करतील."

त्यावर शिऱ्यानं पाचशे परत खिशात घातले. ते काढून घ्यायला बाळ्या आणि पम्या दोघं त्याच्या मागं गाडीपर्यंत गेले.